मापाच्या वहीतले निळे तुकडे

मे महिना सरत आला की मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. खिडकीपाशी जातो, परत येतो. चहा झाला का म्हणून दोनदा विचारतो आणि चहा समोर आला की गॅलरीत निघून जातो. आमची ही म्हणते, "तुम्हालाच घ्यायचाय का आठवीत प्रवेश?" हे ती सहज म्हणते की मुद्दाम, ते सत्तावीस वर्षांच्या संसारानंतरही मला कळलेलं नाही.

समोरच्या शिंप्याने यंदाही दुकानाच्या दारात दोरी बांधली आहे. तिच्यावर शाळेचे स्कर्ट टांगलेत. एकाच कापडाचे, एकाच बेताचे, फक्त लांबी वेगळी. वारा आला की सगळे एकदम हलतात. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही. अरे, बघा की जरा, असं ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही. वेळेवर तोंड न उघडण्याची मला जुनी सवय आहे, आणि हा लेख त्या सवयीबद्दलच आहे.

याला निमित्त झाली आमची धाकटी, नलू. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. शिकते ते शिकते, वर घरी येऊन ते आमच्यावर करून बघते. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, आज आमच्या वर्गात गंमत झाली. सरांनी एक अवघड प्रकरण शिकवलं आणि विचारलं, कुणाला कळलं नाही? एकानेही हात वर केला नाही. मग म्हणाले, आता सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या. तर निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलं, कळलं नाही."

"मग हात का वर केला नाही?" मी विचारलं.

"कारण प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना कळलंय. मी गप्प बसले ते लाजेने. पण शेजारची गप्प बसली तेव्हा मला वाटलं, हिला समजलं असणार. स्वतःच्या गप्प बसण्याचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसऱ्याचं तो मनानेच ठरवतो. सर म्हणाले, गावंच्या गावं अशी फसतात. आतून सगळ्यांना एकच हवं असतं आणि बाहेरून सगळे नको म्हणत बसतात."

मी आमटी वाढून घेतली. भात संपला होता, तरी घेतली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना हिला तुमची ती गोष्ट."

आता 'ती गोष्ट' म्हणजे आमच्या घराण्यातलं एक प्रकरणच आहे. बारशाला, साखरपुड्याला, चार नातेवाईक जमले की कुणीतरी म्हणतं, भाऊ, ती शैलाच्या शाळेची गोष्ट सांगा. आणि मी सांगतो. इकडच्या मुली आठवीला बोरिवलीला जायला लागल्या त्या कशा आमच्या शैलापासून, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मी कसा उभा राहिलो. इतक्यांदा सांगितली आहे की आता मधे कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढायचा, हेही ठरून गेलंय. नलूने ती लहानपणापासून ऐकलेली. परवा तिने मात्र ती पुन्हा ऐकली नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला.

"बाबा, सगळ्यांना मुली पाठवायच्याच होत्या, तर मग 'नको' असं पहिल्यांदा म्हणालं कोण?"

तेव्हापासून मी असा येरझारा घालतोय.

*

आज सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा गोडदेव हे वेगळं गाव होतं. आता चाळी आणि नव्या बिल्डिंगी त्याला येऊन चिकटल्यात. तेव्हा भाईंदर स्टेशनाकडून निघालं की खाचरांच्या बांधावरून चालत जायचं, आणि आंब्याची झाडं दिसायला लागली की गोडदेव आलं असं समजायचं. आम्ही स्टेशनाजवळच्या चाळीत राहायचो. मी संगमेश्वराकडून आलेला, मिठागराच्या कचेरीत कारकून. दत्ताराम गोडदेवचा. आगरावर मुकादम होता, वयाने माझ्याएवढाच. जाडजूड मिशा, आवाज असा की या टोकाला बोलला तर त्या टोकाची माणसं कामाला लागायची. मी त्याला मनातून थोडा भ्यायचो. तो मला भाऊ म्हणायचा आणि माझ्या चष्म्याला फार मान द्यायचा.

मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे आगरावर नुसती धावपळ. मीठ काढून झालेलं, राशी घातलेल्या, आणि त्या गवताने शाकारायची घाई. जो तो मान वर करून आभाळ बघतोय. आभाळ काही बोलत नाही. त्या पांढऱ्या उजेडात डोळे चुरचुरायचे, ओठ चाटले तर खारट, शर्टाच्या पाठीवर मिठाचे नकाशे. हवा अशी चिकट की माणूस उगाचच चिडावा. सातवीचे निकाल याच दिवसांत लागायचे.

आमच्याकडची शाळा सातवीपर्यंत. पुढे मुलगे गाडीने बोरिवलीला जायचे. मुली जायच्या नाहीत. असा नियम नव्हता, कुणी बंदी घातली नव्हती. नुसत्या जायच्या नाहीत. सातवी झाली की त्या घरी थांबायच्या, जशा खाडीच्या पाण्यात होड्या थांबतात तशा, आणि मग एक दिवस दिसेनाशा व्हायच्या. लग्न झालं म्हणून कळायचं.

त्या वर्षी आमची शैला सातवी पास झाली, चांगल्या मार्कांनी. दत्तारामची मंजुळा शैलापेक्षाही पुढे होती. गणितात तर पहिली. आणखी दोघी चाळीतल्या. फॉर्म भरायची शेवटची तारीख पुढच्या शनिवारची.

सोमवारी संध्याकाळी कचेरीच्या पायरीवर आम्ही चहा पीत बसलो होतो. मी, दत्ताराम आणि आगरावरचे आणखी दोघं-तिघं. दत्तारामने बशीतला चहा ओढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊ, शैलाचा पुढं काय?"

इथे माझ्या नेहमीच्या गोष्टीत मी चष्मा काढतो आणि म्हणतो, "मी ठामपणे सांगितलं, शिकवणार!" खरं काय झालं ते आता लिहितो.

मी त्याच्या मिशांकडे बघितलं. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. हा जुन्या वळणाचा माणूस. मी हो म्हटलं तर उद्या आगरभर होईल, कारकुनाच्या पोरीला गाडीने हिंडायला पाठवतात म्हणून. आणि मी अगदी त्याच्या तोंडून आल्यासारखं म्हणालो, "काय करायचंय? एवढ्या लांब मुलीच्या जातीला पाठवणार कोण?"

दत्तारामने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "व्हय. ता बी खरा हाय."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. जरा सावकाश, जरा पडेल चेहऱ्याने, पण हलवल्या. मला केवढं बरं वाटलं! वाटलं, बघा, मी यांच्या मनातलं किती अचूक ओळखलं.

*

घरी मात्र हिने कापड आणून ठेवलं होतं. गडद निळं, स्कर्टापुरतं. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, पण मी "बघू" म्हणालो होतो, आणि माझ्या "बघू"चा हिने स्वतःच्या सोयीने अर्थ लावला होता. "शिवायला टाका," ती म्हणाली. "मी गेले तर चाळभर होईल. तुम्ही गेलात तर वाटेल, पायजमा शिवताय."

"आणि फॉर्म?"

"शनिवारी तुम्ही रजा घेणार आहात."

असा माझा निर्णय झाला. नलूच्या पुस्तकात निर्णयाबद्दल मोठं प्रकरण आहे. माणूस पर्याय मांडतो, तोलतो, निवडतो. मी सगळं प्रकरण वाचलं. त्यात बायकोचा उल्लेख कुठेही नाही.

बुधवारी मी ते कापड पिशवीत घातलं, वर शैलाचा एक जुना फ्रॉक मापासाठी, आणि त्याच्यावर दोन शेर कांदे. चोरीचा माल नेणाराही इतका बंदोबस्त करत नसेल. निम्म्या वाटेत दत्ताराम समोरून आला. बरोबर मंजुळा, डोक्यावर गवताचा भारा.

"काय नेताव, भाऊ?"

"पायजम्याचं कापड," मी म्हणालो. वरचे कांदे त्याला दिसत होते, तरी त्याने नुसती मान हलवली. मंजुळा भाऱ्याखालून माझ्या पिशवीकडे बघत होती.

विश्राम शिंपी राजापूरकडचा. एक मशीन, एक इस्त्री, एक बाकडं. बोलणं असं की सगळं सांगून झाल्यावर म्हणायचा, "मी काय बोलत नाही हां." त्याची एक पद्धत होती. मापं वहीत लिहायची आणि त्याच पानावर गिऱ्हाइकाच्या कापडाचा बोटभर तुकडा कातरून टाचणीने टोचायचा. म्हणजे कुणाचं कापड कुठलं, यात घोटाळा नको. माझं कापड बघून त्याने भुवया वर केल्या, तुकडा कातरला आणि वही उघडली.

मी बाकड्यावर बसलो होतो. वही माझ्यासमोरच होती. आधीच्या पानावर निळा तुकडा. त्याच्या आधीच्या पानावर निळा तुकडा. मागे आणखी एक. सगळे एकाच जातीचे, आणि माझ्या पिशवीतलं कापडही तेच.

"विश्राम, हे काय रे?"

"मी काय बोलत नाही," तो म्हणाला. मग मशीनचं चाक थांबवून म्हणाला, "तुमच्या चाळीतल्याच दोन बाया येऊन गेल्या. एक सोमवारी, एक मंगळवारी. पोरीला नाही आणली कोणी, मापाला जुना फ्रॉक. दोघीपण म्हणाल्या, कुणाला सांगू नको हां विश्राम. आता तुम्ही आलात कांदे घेऊन. मला सांगा भाऊ, तुम्ही सगळे नक्की कुणाला घाबरताय?"

मी वहीचं मागचं पान उलटलं.

"आणि हा तिसरा?" मी विचारलं. तिसऱ्या पानावर मापं खोडलेली होती. तुकडा तेवढा राहिला होता.

"तो गोडदेवचा. दत्तारामाचा. त्याने तर सगळ्यांच्या आधी टाकलं होतं, निकाल लागला त्याच दिवशी. काल येऊन कापड परत नेलं. बरं झालं, या तुकड्यापलीकडे मी कात्री नव्हती लावली. म्हणाला, कारकूनभाऊ शिकलेला माणूस, तो त्याच्या पोरीला धाडत नाही, तर त्याला कायतरी दिसलं असेल. माझी एकटी कशी जाईल."

*

त्या दुकानातून मी कसा बाहेर आलो ते आठवत नाही. कांदे तिथेच विसरलो होतो, एवढं नक्की. विश्रामने दुसऱ्या दिवशी ते घरी पोचवले.

नलू म्हणते, यात तुमचा एकट्याचा दोष नाही, समूहाचं वागणं असंच असतं. मला हे शास्त्र आवडतं. मनापासून आवडतं. त्यात दोष वाटून घेतलेला असतो, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर. पण मी त्या पायरीवर बसलो होतो. दत्ताराम माझ्या चष्म्यावर विसंबला आणि मी त्याच्या मिशांवर. आम्ही दोघांनी मिळून एक तिसराच माणूस तयार केला, ज्याला मुली शिकायला नको होत्या, आणि त्या माणसाला घाबरून बसलो. हा माणूस भाईंदरमध्ये कुठे राहत होता, ते विश्रामलाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे तर सगळ्यांची मापं होती.

मला करायचं होतं ते अगदी सोपं. गोडदेवला जायचं आणि सांगायचं की मी खोटं बोललो. बुधवारी संध्याकाळी निघालो. बांधापर्यंत गेलो, एक बिडी ओढली, परत आलो. गुरुवारी आंब्याच्या झाडांपर्यंत गेलो. तिथे एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन पायजे?" मी म्हटलं, "कोणी नाही, फिरायला आलोय." फिरायला! त्या उकाड्यात! तोही माझ्याकडे बघत राहिला आणि मी वळलो.

घरी ही भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलंत?"

"कसं सांगू?"

"तोंडाने."

शुक्रवारी दुपारी शेवटी गेलो. दत्ताराम पडवीत सुतळी वळत बसला होता. मंजुळा आत काहीतरी निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. त्याने घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शैलाला पाठवतोय. आधीपासूनच पाठवायचं होतं. पायरीवर बोललो ते तुला बरं वाटावं म्हणून.

दत्तारामच्या हातातली सुतळी थांबली. "मना बरा वाटावा म्हनून?"

"मला वाटलं, तुला पसंत नसेल."

"मी इचारला कशाला मंग? पसंत नसता तं इचारला असता का?" त्याचा आवाज चढला. "मी पंदरा दिस घोकत व्हतो, भाऊला इचारीन, भाऊ हो बोलला का पोरीला धाडीन. तुमी हो बोलाल म्हनूनशीच इचारला!"

आतलं सूप थांबलं. मंजुळा दारात आली. तेरा वर्षांची, बारीक, हाताला गव्हाचा भुसा लागलेला. म्हणाली, "मना म्हाईत व्हता. काकांच्या पिशवीत फ्राक व्हता शैलाचा. आनि निला कापड. कांद्याखाली."

"तुला म्हाईत व्हता?" दत्ताराम ओरडला. "मंग बोलली का न्हाय?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "काका पायजमा बोलला ना. मोठ्या मानसाला खोटा कसा पाडू?"

मी त्या घोंगडीवर बसून होतो. इतक्या जणांनी इतक्या प्रकारे गप्प बसून एका मुलीची शाळा थांबवत आणली होती, आणि त्यात सगळ्यात सभ्य कारण तिचं होतं.

*

शनिवारी आम्ही चौघं बोरिवलीला गेलो. दत्ताराम धुतलेलं धोतर नेसून आला होता. शैलाचा फॉर्म पाच मिनिटांत झाला. मंजुळाच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला?"

दाखला नव्हता. कापड परत आणलं त्या दिवसापासून दाखल्याची गरजच कुणाला वाटली नव्हती, आणि शुक्रवारी दुपारी तो मलाही आठवला नाही. आमच्या शाळेचे हेडमास्तर सुट्टीला गावी गेलेले, सोमवारी येणार होते. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, सोमवारीच आणा, जागा असेल तर बघू. हेडमास्तर उतरले तेच दुपारच्या गाडीने, दाखला हातात पडेपर्यंत संध्याकाळ झाली. मंगळवारी सकाळी आम्ही खिडकीसमोर पहिले होतो. आठवीच्या तुकड्या सोमवारी भरल्या होत्या.

मी बुधवारी बांधावरून परत फिरलो नसतो तर गुरुवारी, शुक्रवारी हेडमास्तर इथेच होते. ते शुक्रवारच्या संध्याकाळी गेले.

नेहमीच्या गोष्टीत मी सांगतो, चौघी गेल्या. खरं तर तिघीच गेल्या. सकाळी साडेसहाला निळ्या स्कर्टातल्या तीन मुली मिठागराच्या कडेने स्टेशनकडे चालत निघायच्या. पहिले आठ दिवस लोक उंबऱ्यात येऊन बघायचे. मग बघेनासे झाले. एक दिवस नळावर कुणीतरी हिला विचारलं, "शैलाच्या आई, कापड कुठून घेतलंत हो?" त्यानंतर आणखी दोघींनी विचारलं. एवढंच झालं. कुणी सभा घेतली नाही, कुणाचं मन वळवायला कुणी गेलं नाही. मी तर मुळीच गेलो नाही. पुढच्या जूनला विश्रामने वहीत निळे तुकडे टोचणं सोडून दिलं. म्हणाला, आता एवढी एकाच रंगाची कापडं, तुकडा लावून ओळख ती काय पटणार?

पण मधलं ते वर्ष. मंजुळा रोज दुपारी बापाची भाकरी घेऊन आगरावर यायची. वाटेत माझ्या कचेरीची खिडकी. ती थांबायची. तक्रार करायला नाही. विचारायची, "काका, शैलाला काल काय शिकवला?" मी पहिल्यांदा म्हणालो, विचारून सांगतो. मग रोज रात्रीच्या जेवणाआधी शैलाला विचारायला लागलो, कागदावर लिहून घ्यायला लागलो. बीजगणित माझं कच्चं. चुकीचं उतरवून नेलं तर मंजुळा खिडकीच्या कठड्यावर खडूने सोडवून दाखवायची आणि म्हणायची, "काका, हिता चुकलाव." मी लेखणी खाली ठेवून बारा वाजायची वाट बघायचो आणि बारा वाजले की वाटायचं, आज नाही आली तर बरं. त्या वर्षी मी खिडकीपाशी जायला शिकलो आणि परत यायलाही. ते अजून चालू आहे.

"पण गेली ना शेवटी, बाबा," नलू म्हणते. गेली. पुढच्याच वर्षी गेली. मॅट्रिक झाली, नोकरीला लागली, सगळं झालं. नलूला वाटतं, मी उगाच मनाला लावून घेतो. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं. एकोणीस वर्षांच्या माणसाला वर्ष स्वस्तच असतं.

त्या दुसऱ्या वर्षी मी तो आधीचाच दाखला एप्रिलमध्येच शोधून हाताशी ठेवला होता. फॉर्म मिळायला लागले त्याच दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो, दत्ताराम, मंजुळा आणि मी. शैलापेक्षा ती आता एक वर्ष मागे असणार होती आणि डोकंभर उंच झाली होती. फॉर्म मी भरत होतो, कारण चष्मा माझ्याकडे. नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा. खाली एक रकाना होता, शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे कारण.

माझा हात थांबला. मागे रांग वाढत होती. दत्तारामला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, "काय झाला, भाऊ?" मी त्याला रकाना वाचून दाखवला. तो दुसरीकडे बघायला लागला. मला वाचवण्यासाठीच बघत असावा.

मंजुळाने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "काका," ती हळू म्हणाली, "घरची अडचण लिवा. सगलेच लिवतात."

मी लिहिलं, घरची अडचण. कुणाच्या घरची, ते त्या रकान्यात विचारलेलं नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी कागद आत ओढला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.